१०० पैकी ७८: कोव्हिड, हृदय आणि घाईत वाचलेल्या एका आकड्याची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

इतिहास म्हटलं की आपल्याकडे शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचं काहीतरी असतं. आज मात्र अगदी अलीकडचा, आपण सगळ्यांनी बघितलेला इतिहास सांगणार आहे. २०२० चा उन्हाळा आणि पावसाळा. एक नवा विषाणू, आणि तो शरीरात जाऊन नेमकं काय करतो हे शोधायची चाललेली धावपळ.

हा विषय घेण्यामागे माझं एक घरगुती कारण आहे, आधी ते सांगतो.

माझा मावसभाऊ कराडजवळच्या एका गावात राहतो. २०२० मध्ये तो पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे पाचला उठून डांबरी रस्त्यावर धावायचं, मग गोळाफेक, मग घरी येऊन सामान्य ज्ञान. ऑगस्टच्या शेवटी त्याला कोव्हिड झाला. तीन दिवस ताप, आठवडाभर वास नाही, संपलं. दवाखान्यात भरती व्हायची वेळही आली नाही. आणि मी, घरातला एकमेव इंजिनिअर, ज्याला इंग्रजीतल्या बातम्या वाचून फॅमिली ग्रुपवर टाकायची भारी हौस, मी एक बातमी टाकली. मथळ्याचा अर्थ असा होता: कोव्हिडमधून बऱ्या झालेल्या ७८ टक्के लोकांच्या हृदयात बिघाड. खाली मी लिहिलं, "काळजी घ्या सगळ्यांनी, विशेषतः धावणाऱ्यांनी."

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. "दादा, वाचलं. धावणं बंद केलंय."

मला बरं वाटलं. काहीतरी उपयोगाचं केलं असं वाटलं. तो मेसेज मी नंतर कितीतरी वेळा उघडून बघितलाय, पण ते पुढे सांगतो. आधी हा ७८ आकडा कुठून आला ते बघू.

वुहान ते फ्रँकफर्ट

मार्च २०२० मध्ये चीनमधून पहिले धक्कादायक आकडे आले. वुहान विद्यापीठाच्या रेन्मिन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दाखल असलेल्या ४१६ रुग्णांची माहिती छापली. त्यातल्या ८२ जणांच्या, म्हणजे जवळपास २० टक्के रुग्णांच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं होतं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. हार्ट अटॅकचा संशय आला की डॉक्टर जी रक्ततपासणी करतात, ती हीच. ज्यांचं ट्रोपोनिन वाढलं होतं त्यांच्यातले ५१ टक्के दगावले, आणि ज्यांचं वाढलं नव्हतं त्यांच्यातले साडेचार टक्के.

हा फरक खरा होता आणि मोठा होता. पण बघा, हे सगळे दवाखान्यात दाखल झालेले, बरेचसे वयस्क, आधीपासून बीपी-शुगर असलेले लोक. ऑक्सिजन कमी पडला, ताप चढला, शरीरभर दाह पसरला की हृदयावर ताण येतोच. न्यूमोनियातही येतो. म्हणजे विषाणू थेट हृदयात घुसला, की आजारी शरीरानं हृदयाला ओढत नेलं, हे या आकड्यावरून कळत नाही.

मग आला २७ जुलै २०२०. 'जामा कार्डिऑलॉजी' या मासिकात एकाच दिवशी दोन निबंध प्रसिद्ध झाले.

पहिला हॅम्बुर्गचा. कोव्हिडनं मेलेल्या ३९ जणांचं शवविच्छेदन. २४ जणांच्या हृदयाच्या स्नायूत विषाणूचे अंश सापडले. ऐकायला भयंकर. पण त्याच निबंधात हेही होतं की विषाणू सापडला तरी तिथे दाह करणाऱ्या पेशींची गर्दी मात्र दिसली नाही. म्हणजे चोर घरात सापडला, पण कपाट फोडलेलं नव्हतं. आणि या मृतांचं मध्यक वय ८५ होतं.

दुसरा फ्रँकफर्टचा. व्हॅलेंटिना पुंटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोव्हिडमधून बऱ्या झालेल्या १०० लोकांच्या हृदयाचा एमआरआय काढला. त्यातले ६७ जण घरीच बरे झालेले, ३३ जण दवाखान्यात राहिलेले. निदानानंतर साधारण ७१ दिवसांनी काढलेला एमआरआय. ७८ जणांमध्ये काही ना काही वेगळं दिसलं. ६० जणांमध्ये दाह अजून चालू असल्याची खूण दिसली.

आपला ७८ तो हा.

'बिघाड' म्हणजे नेमकं काय?

इथे थोडं थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे. मी बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? भोक पडलेलं, सुजलेलं, बंद पडायला आलेलं हृदय. एमआरआयमध्ये असं काही दिसत नाही.

हृदयाच्या एमआरआयमध्ये टी-वन आणि टी-टू अशी दोन मापं असतात. सोपं सांगायचं तर चुंबकाच्या क्षेत्रात ढवळलेले हायड्रोजनचे कण परत जागेवर यायला किती वेळ घेतात, त्याची ही मापं, मिलिसेकंदांत. स्नायूत पाणी साठलं, सूज आली, की टी-टू वाढतो. सूज असो वा जुना व्रण, टी-वन वाढतो. तिसरी गोष्ट म्हणजे गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देतात. ते निरोगी स्नायूतून लवकर निघून जातं, व्रण असेल तिथे रेंगाळतं आणि चित्रात पांढरं दिसतं.

आता ही मापं आहेत सलग आकड्यांची. 'आजारी' आणि 'निरोगी' असा शिक्का शरीरात कुठे मारलेला नसतो. आपण एक रेषा ओढतो, आणि रेषेच्या वर गेलं की 'असामान्य' म्हणतो. रेषा सहसा अशी ओढतात की निरोगी लोकांतलेही थोडे तिच्या बाहेर राहतात.

आमच्या कामात हे रोजचं आहे. सर्व्हरवर अलर्ट लावताना मर्यादा जरा खाली ठेवली की रात्री तीनला फोन वाजतो, उठून बघावं तर सगळं ठीक. आणि अलर्ट जितके जास्त, तितके खोटे फोन जास्त. समजा एका तपासणीत निरोगी माणूस चुकून 'असामान्य' ठरण्याची शक्यता ५ टक्के आहे, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा चार तपासण्या केल्या. तर निदान एकीत तरी अडकण्याची शक्यता जवळपास १९ टक्के होते. हे काही फ्रँकफर्टचे आकडे नाहीत, माझं कागदावरचं गणित आहे. पण 'काही ना काही वेगळं दिसलं' हे वाक्य किती सैल असतं, हे त्यावरून लक्षात येईल.

म्हणून तुलनेचा गट लागतो. फ्रँकफर्टच्या टीमनं तो घेतला होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. ५० निरोगी माणसं, आणि ५७ अशी माणसं ज्यांना कोव्हिड झालेला नाही पण बीपी, शुगर वगैरे जोखीम तशीच आहे. या दुसऱ्या गटातही काही जणांची मापं रेषेच्या वर होतीच. कोव्हिड झालेल्यांत ती जास्त होती. म्हणजे खरा प्रश्न '७८ की शून्य' असा नव्हता, तर कोव्हिडमुळे भर किती पडली, असा होता. मथळ्यात मात्र फक्त ७८ आला.

आणि अजून एक. या शंभरांचं सरासरी वय ४९ होतं. माझा भाऊ २१ वर्षांचा.

चुका, आणि त्या दुरुस्त होणं

निबंध आला तसा काही दिवसांत ट्विटरवर एक वेगळाच उद्योग सुरू झाला. काही संशोधकांनी निबंधातले तक्ते घेऊन आकडेमोड करून बघितली. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधले हृदयरोगतज्ज्ञ डॅरेल फ्रान्सिस त्यात पुढे होते. तक्त्यांतले काही आकडे एकमेकांशी जुळत नव्हते.

लेखकांनी ते नाकारलं नाही. सगळं पुन्हा तपासलं, आणि २५ ऑगस्ट २०२० ला मासिकानं दुरुस्ती छापली. आकडेवारीतल्या चुका मान्य केल्या, तक्ते बदलले. मुख्य निष्कर्ष मात्र कायम राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता तारखा बघा. २५ ऑगस्टला दुरुस्ती. मी ग्रुपवर बातमी टाकली सप्टेंबरमध्ये. म्हणजे दुरुस्ती झालेली असताना मी दुरुस्तीआधीची बातमी पुढे ढकलली. दुरुस्तीची बातमी माझ्यापर्यंत आलीच नाही. आणि खरं सांगायचं तर मी शोधलीही नाही.

मैदानं बंद झाली

तिकडे अमेरिकेत हा आकडा घरगुती ग्रुपवर थांबला नाही. ११ ऑगस्ट २०२० ला 'बिग टेन' या विद्यापीठांच्या संघटनेनं शरद ऋतूतला खेळाचा मोसम पुढे ढकलला. आपल्याला अंदाज यावा म्हणून सांगतो, तिथे कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आयपीएलच्या तोडीचं प्रकरण. कारणं बरीच होती, पण खेळाडूंच्या हृदयाची भीती हे त्यातलं एक ठळक कारण होतं.

मग सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचा छोटा अभ्यास आला. २६ खेळाडू. त्यातल्या ४ जणांमध्ये मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह, सुचवणाऱ्या खुणा. १५ टक्के! पण २६ पैकी ४ या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा? मी गणित करून बघितलं. इतक्या छोट्या नमुन्यात खरा आकडा ४ टक्क्यांपासून ३५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. शिवाय इथे तुलनेचा गटच नव्हता. कोव्हिड न झालेल्या खेळाडूंचं हृदय एमआरआयमध्ये कसं दिसतं, हे कुणी बघितलंच नव्हतं.

ते नंतर अमेरिकेतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठात बघितलं. कोव्हिड झालेल्या खेळाडूंपैकी २२ टक्के जणांमध्ये हृदयाच्या एका ठरावीक जागी गॅडोलिनियमचा पांढरा ठिपका दिसला. आणि कोव्हिड न झालेल्या खेळाडूंमध्ये? २४ टक्के. म्हणजे तो ठिपका विषाणूचा नव्हता. वर्षानुवर्षं व्यायाम केलेल्या हृदयाचा होता. तुलनेचा गट नसता तर त्या २२ टक्क्यांचाही मथळा झाला असता.

सप्टेंबर २०२० मध्येच पन्नासच्या आसपास तज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं: लक्षणं नसलेल्या लोकांचे सरसकट हृदयाचे एमआरआय काढू नका. कारण जे सापडेल त्याचा अर्थ अजून आपल्याला नीट लावता येत नाही.

मोठे अभ्यास काय म्हणाले

पुढचं जरा भराभर सांगतो. २०२१ मध्ये मोठे अभ्यास यायला लागले.

अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले कोव्हिड झालेले ७८९ खेळाडू: हृदयाचा दाह ५ जणांना, म्हणजे ०.६ टक्के. ४२ कॉलेजांमधले ३०१८ खेळाडू: हृदयावर परिणाम झाल्याची शक्यता धरूनही २१ जण, ०.७ टक्के. बिग टेनच्याच १३ विद्यापीठांनी १५९७ खेळाडूंचे एमआरआय काढले: ३७ जण, २.३ टक्के. त्यातही २८ जणांना हृदयाची काहीच लक्षणं नव्हती. फक्त लक्षणं असलेल्यांचीच तपासणी केली असती तर ३७ पैकी ५ च सापडले असते.

या बिग टेनच्या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक विद्यापीठात सापडण्याचं प्रमाण वेगळं होतं, ० पासून ७.६ टक्क्यांपर्यंत. विषाणू काही विद्यापीठ बघून वागत नाही. मग एवढा फरक का? तर कुठे सगळ्यांचा एमआरआय काढला, कुठे निवडक जणांचा, शिवाय वाचणारा डॉक्टर वेगळा. आकड्यात विषाणू असतो तसा मोजणाराही असतो.

लंडनमध्ये १४९ आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. ७४ जणांना सौम्य कोव्हिड होऊन गेलेला, ७५ जणांना झालेला नाही. सहा महिन्यांनी एमआरआय काढले. दोन्ही गटांच्या हृदयात फरक सापडला नाही.

मग फ्रँकफर्टवाले चुकले का?

इथे मला सोपं उत्तर द्यायचा मोह होतो. 'बघा, उगाच घाबरवलं' असं म्हणून भाग संपवता येईल. पण ते खरं नाही.

त्याच फ्रँकफर्टच्या टीमनं २०२२ मध्ये पुढचा अभ्यास छापला. सौम्य कोव्हिड झालेले ३४६ लोक, आधी हृदयाचा आजार नसलेले. सरासरी ११ महिन्यांनंतरही त्यातल्या ५७ टक्के जणांना धाप, धडधड यासारखा त्रास होत होता. यातही त्रास होत असलेले लोकच जास्त संख्येनं तपासायला आले असणार, हे खरं. पण त्यांचा त्रास खोटा नव्हता. २०२३ मध्ये ब्रिटनमधला अभ्यास आला: दवाखान्यात राहून आलेले २५९ रुग्ण आणि ५२ जणांचा तुलनेचा गट. फुप्फुसं, मेंदू, मूत्रपिंड यांत फरक स्पष्ट दिसला. हृदय आणि यकृतात तसा दिसला नाही. म्हणजे विषाणू अवयवांवर परिणाम करतो हे खरंच. कुठल्या अवयवावर, कोणाच्या आणि किती, हे कळायला तीन वर्षं गेली.

आणि हे असं पहिल्यांदाच झालं असंही नाही. १८९२ मध्ये बर्लिनच्या रिचर्ड फायफर यांनी इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांच्या कफात एक जिवाणू शोधला आणि हाच या आजाराचं कारण असं जाहीर केलं. १९१८ च्या साथीत, ज्या साथीत मुंबईपासून सुरुवात होऊन आपल्या देशात १ कोटीहून जास्त माणसं गेली, त्या साथीत जगभरचे डॉक्टर रुग्णांच्या फुप्फुसांत तो जिवाणू शोधत होते. काहींना सापडायचा, काहींना नाही. निरोगी माणसांच्या घशातही सापडायचा. फ्लूचा खरा मानवी विषाणू हाती लागला १९३३ मध्ये, लंडनला. फायफरच्या जिवाणूचं नाव मात्र 'इन्फ्लुएन्झी' असंच राहिलं. आपल्याकडे बाळांना दीड महिन्याचं झाल्यावर जी पेंटाव्हॅलंट लस देतात, त्यातलं 'हिब' म्हणजे तोच जिवाणू. चुकलेला निष्कर्ष नावात अडकून बसलाय, आणि लस मात्र खऱ्या कामाची आहे, कारण तो जिवाणू लहान मुलांना वेगळे गंभीर आजार देतोच.

फायफर खोटारडे नव्हते. पुंटमनही नाहीत. साथ चालू असताना कुणीतरी पहिल्यांदा बघावंच लागतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला धूसरच दिसतं. त्यांनी १०० लोक तपासून 'यावर आणखी अभ्यास हवा' असं लिहिलं होतं. ते वाक्य माझ्या फॉरवर्डमध्ये नव्हतं.

मावसभाऊ

तर तो धावला नाही. एक महिना नाही, दोन नाही, आठ महिने. कोव्हिडनंतर थोडे दिवस विश्रांती घेऊन हळूहळू सुरुवात करा, हा सल्ला तेव्हा डॉक्टरही देत होते आणि तो बरोबरच होता. पण 'थोडे दिवस' कुठे आणि आठ महिने कुठे. मावशीनं तर त्याला पाण्याचा हंडाही उचलू दिला नाही. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, छाती तपासली आणि म्हणाले, "तुला काय झालंय? पळ की."

पुढच्या वर्षी भरती निघाली. लेखीत तो चांगला होता. १६०० मीटरला दम कमी पडला आणि मैदानी मार्कांत मागे राहिला.

मी त्याला नंतर सगळं सांगितलं. दुरुस्ती, २६ पैकी ४, व्हँडरबिल्टचे खेळाडू. तो ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, तू इंजिनिअर हायस म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ट्वेंटी-ट्वेंटीची मॅच जशी पहिल्या ओव्हरवर ठरवत नाही, तसं अभ्यासाचंही, असं काहीतरी मी बोललो. तो हसला, विषय बदलला.

म्हणून आता मी आरोग्याची बातमी पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारतो. किती लोक तपासले? ते कोण होते, माझ्या माणसासारखे होते का? तुलनेला कोण होतं? आणि जे सापडलं ते मशीनवर दिसलं, की माणसाला त्रास झाला? चारही उत्तरं मिळाली नाहीत तर पाठवत नाही. आणि छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, धडधडत असेल, तर बातमी वाचत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. हे माझ्यासाठी, हे तुमच्यासाठीही.

मावसभाऊ आता पुन्हा पहाटे पाचला उठतो. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा मीही त्याच्याबरोबर निघालो. चारशे मीटरनंतर मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि तो पुढे निघून गेला.

तुमच्या घरीही असा एखादा फॉरवर्ड कुणाला महागात पडला असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.